धुऱ्यावरून विचारलं तर माणूस "बरं आहे"च म्हणतो



पिकाची नोंद आधी थोडक्यात. हलक्या धानाची कापणी आमच्याकडे सुरू झाली आहे. भारी धान दाणा भरण्यात आहे, सकाळी दव चांगलं पडून राहिलं आहे. तुडतुड्यासाठी बांधीत उतरून पाहा. चूड फाकवून बुंध्याशी पाहायचं. एका चुडात दहाच्या आसपास दिसले तर आधी बांधीतलं पाणी काढा, मग फवारणीचं ठरवा. ज्यांचा कडपा पडून आहे त्यांनी आभाळ पाहूनच पुढची कापणी धरावी.

पिकाचं एवढंच. आज दुसऱ्या एका गोष्टीवर लिहायचं आहे आणि थोडं लांब लिहिणार आहे. कापणीची घाई असेल तर रात्री वाचा, पण वाचा.

तुडतुड्याचं तुम्हाला माहीतच आहे. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर धान हिरवंगार दिसतं. किडा खाली बुंध्याशी असतो. वरून दिसायला लागतं तेव्हा गोल चट्टा पडलेला असतो अन् त्या चुडांत काही राहिलेलं नसतं. माणसाचंही मी तसंच पाहत आलो. रस्त्याने जाता जाता "का जी, बरं आहे ना?" असं विचारलं तर समोरचा "बरं आहे" असंच म्हणतो. त्यात त्याची चूक नाही, प्रश्नच धुऱ्यावरून विचारलेला असतो.

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक गावात चार-पाच माणसांनी दुसऱ्याचं ऐकायचं काम अंगावर घ्यावं. मनात आलं तेव्हा नाही, ठरवून, पाळी लावून, शेतीच्या कामासारखं. कोणी गेला की सांत्वनाला अख्खा गाव जातो, तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. त्याच्या महिनाभर आधी त्या घरी कोण गेलं होतं ते आठवून पाहा.

आपला जिल्हा यादीत नाही म्हणून

शेतकरी आत्महत्या म्हटलं की यवतमाळ, अमरावती, मराठवाडा अशी नावं येतात. सन २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी "प्रेरणा प्रकल्प" आणला तो १४ जिल्ह्यांसाठी. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा हे विदर्भातले सहा आणि मराठवाड्यातले आठ. आपला गोंदिया त्यात नव्हता. आपण तलावांच्या जिल्ह्यातले, धानवाले, पाणी असलेले. त्यामुळे आपल्याकडे सगळं बरं आहे असं वरून दिसतं.

पण यादीत नाव नाही म्हणून घरात चिंता नाही असं होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे सन २०२२ चे आकडे पाहा. देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी त्या एका वर्षात आत्महत्या केली. त्यातले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. आणखी एक गोष्ट नीट वाचा. त्या ११,२९० मध्ये शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ होते. म्हणजे मजूर जास्त. पेपरात बातमी सातबारावाल्याची येते, पण रोवणीला अन् कापणीला जो आपल्या बांधीत राबतो त्याच्या घरी कर्जमाफीही जात नाही आणि पंचनामाही जात नाही. आपण ऐकायला निघालो तर मजुराच्या टोलीपासून सुरुवात व्हायला पाहिजे.

चिंतेचंही हंगाम असतात

कृषीवाले आपल्याला कोणत्या पंधरवड्यात कोणती कीड येते त्याचा तक्ता देतात. चिंतेचाही तसा तक्ता आपल्या जिल्ह्यापुरता मी मांडून ठेवला आहे. पटतो का पाहा.

जुलै महिना. परे तयार आहेत आणि पाऊस नाही. परे पिवळे पडतात, पुन्हा बियाणं घ्यायचं तर पैसे नाहीत. रोवणी लांबली की मजुरी वाढते.

सप्टेंबर. खोडकिडा, गादमाशी, तुडतुडा. कृषी केंद्राची उधारी याच महिन्यात चढते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. कडपा पडलेला असतो आणि पाऊस येतो. चार महिन्यांचं पीक डोळ्यांसमोर कोंब धरतं. माझ्या मते हा सगळ्यात वाईट काळ, कारण हातातोंडाशी आलेला घास जातो आणि दिवाळी दारात असते.

डिसेंबर ते फेब्रुवारी. धान केंद्रावर दिला पण चुकारा आला नाही. लोक विचारतात, "धान विकला ना, मग पैसे कुठे गेले?" याला उत्तर देता देता माणूस लोकांना टाळायला लागतो.

मार्च. पीककर्ज ३१ तारखेच्या आत भरायचं, नाहीतर व्याजाची सवलत जाते. भरायला कुठून तरी उसने आणायचे. त्याच महिन्यात लग्नांच्या तारखा निघतात.

उन्हाळी धानवाल्यांची आणखी एक तऱ्हा. वीज रात्रीची, मोटर चालू करायला एकट्याने अंधारात जायचं, रानडुकरांची अन् जंगलालगत वाघ-बिबट्याची भीती वेगळी. महिनाभर झोप नाही. झोप गेली की मन जातं. डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील.

हा तक्ता कशासाठी? तर ऐकायला वर्षभर सगळ्यांकडे जाणं होत नाही. पण कडप्यावर पाऊस पडला त्या आठवड्यात कोणाच्या घरी जायचं आणि मार्चच्या शेवटी कोणाच्या घरी जायचं हे गावातल्या माणसाला न विचारता माहीत असतं. बाहेरून आलेल्या कोणत्याही साहेबापेक्षा आपल्याला हे जास्त कळतं.

आम्ही काय करून राहिलो

आमच्या गावात आम्ही पाच जण आहोत. तीन पुरुष, दोन बाया. बायांपैकी एक बचत गटाचं काम पाहते, दुसऱ्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या आहेत. संस्था नाही, पावती पुस्तक नाही, फलक नाही. तीन वर्षं झाली. महिन्यातून एकदा आम्ही बसतो आणि कोणाचं येणं-जाणं कमी झालं एवढंच एकमेकांना सांगतो. तिठ्यावर यायचा तो येत नाही, सोसायटीच्या बैठकीत मागे बसतो, भजनाला येणं सोडलं, पिऊन राहिला आहे, किंवा एकाएकी बैलजोडी विकायला काढली. मग कोण जाणार ते ठरतं. ज्याची ज्याच्याशी ओळख तो जातो.

एका घरची गोष्ट सांगतो. नाव नाही, गावही सांगत नाही. तीन एकर धान, सगळा कडपा भिजला, लोंब्यांना कोंब आले. त्याच्याकडे माणसं आली नाहीत असं नाही, रोज आली. एक म्हणे विम्याची तक्रार केली का, ७२ तास निघून जातील. एक म्हणे फोटो काढून तलाठ्याला दाखव. एक म्हणे माझं तर पाच एकर गेलं, तुझं काय घेऊन बसला. सगळे आपुलकीनेच बोलत होते. आठवड्याने तो माणूस घरातून निघेनासा झाला.

आमच्यातला एक जण त्याच्याकडे गेला आणि त्याच्या गोठ्यात वैरण कापायला लागला. बोलला काहीच नाही. अर्ध्या तासाने तो माणूस स्वतःहून म्हणाला, "विमा, पंचनामा सारं सांगून झालं जी. मी आठ दिवस झोपलो नाही, हे कोणी नाही विचारलं." मग तासभर बोलला. आम्हाला वाटत होतं धानाचं दुःख आहे. ते होतंच, पण मुळात भावासोबत वाटणीचा वाद होता, आई याच्याकडे होती, आणि मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. धान विकून फी भरेन असा शब्द त्याने मुलीला दिला होता. तो शब्द जाणार ही गोष्ट त्याला खात होती. विम्याची चौकशी करणाऱ्यांना हे कळणार कसं?

आम्ही त्याचं कर्ज फेडलं नाही, आमच्याकडे आहे काय? चौघांनी मिळून त्याचा उरलेला कडपा उलटून वाळवला, पुंजणं घालून दिलं. एक जण त्याच्यासोबत कॉलेजात गेला, फी दोन हप्त्यांत भरायचं ठरलं. भावाशी बोलायला गावातले एक वडीलधारे गेले. वाद अजून मिटलेला नाही. पण माणूस झोपायला लागला. त्याला आमच्या पाच जणांत या म्हटलं तर म्हणतो, "मले नाही जमत ते." ठीक आहे. मंडईला दंडारीत उभा राहतो, लोकांना हसवतो, आमच्यासाठी तेवढं खूप आहे.

दुसरी गोष्ट एका बाईची. नवरा कामाला बाहेरच्या राज्यात, सासरे म्हातारे, सातबारा सासऱ्याच्या नावावर. शेती सगळी ती पाहते, पण तिच्या नावावर ना कर्ज मिळत, ना धानाची नोंदणी होत. रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीतही जाते. तिच्या डोक्यात दुखायचं, छातीत धडधड व्हायची. दवाखान्यात जाऊन आली, सुई-गोळी झाली. आमच्यातल्या काकू बचत गटाच्या बैठकीनंतर तिच्यासोबत घरापर्यंत चालत गेल्या. असं सहा-सात वेळा झालं. पुरुषाने जाऊन हे काम झालं नसतं. बायांचं दुखणं "डोकं दुखतं, कंबर दुखते" असंच बाहेर येतं. आणि सातबारा नावावर नसलेली बाई गेली तर कागदावर तिची नोंद अनेकदा शेतकरी म्हणून होतही नाही, गृहिणी म्हणून होते. म्हणून बाया नसलेला गट करूच नका.

सगळीकडे यश आलं असं समजू नका. एक जण आहे, त्याच्याकडे दोन वर्षांपासून जातो. तो बैलांचं बोलतो, बोडीतल्या मासोळीचं बोलतो, स्वतःचं कधी नाही. आम्ही बैलांचंच ऐकतो. जाणं सोडलेलं नाही.

ऐकायचं कसं

आमच्या अनुभवातून जे ठरत गेलं ते लिहितो.

मोबाईल खिशात ठेवायचा. समोरासमोर खुर्ची टाकून "सांग, काय झालं?" असं विचारायचं नाही. पुरुष माणूस हाताला काम असलं की बोलतो. धुरा साफ करताना, वैरण कापताना, मोटरपाशी बसून.

पहिल्या भेटीत उपाय सांगायचा नाही. उपाय सुचला तरी पोटात ठेवा. उपाय सांगितला की समोरचा गप्प होतो, कारण त्याला वाटतं याला माझं ऐकायचं नाही, संपवायचं आहे.

तुलना करायची नाही. "फलाण्याचं तर याहून गेलं" हे वाक्य गावातून काढून टाकलं तर अर्धं काम होईल.

"खंबीर राहा", "मर्दासारखा वाग" हे बोलू नका. तो आधीच थकेपर्यंत खंबीर राहिलेला असतो.

दारूच्या बैठकीत हे काम होत नाही. तिथे माणूस रडतो, पण सकाळी लाजेने आणखी दूर जातो.

ऐकलेलं पोटात राहिलं पाहिजे. आपल्या बायकोलाही सांगायचं नाही. एक गोष्ट बाहेर गेली तर पाच जणांचं तीन वर्षांचं काम एका दिवसात मातीत जातं. याला अपवाद एकच, जिवाचा धोका दिसला तर. ते पुढे लिहितो.

उठताना परत कधी येणार तो दिवस सांगायचा आणि त्या दिवशी जायचंच. "येतो कधी तरी" म्हणणारे त्याच्याकडे खूप येऊन गेलेले असतात.

हे चालतं याला पुरावा काय

या पानावर कृषीवाले वाचक आहेत. ते विचारतील, निरीक्षण ठीक आहे, प्रयोग कुठे झाला? बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे.

झाला आहे आणि विदर्भातच झाला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गोव्याची "संगत" संस्था त्यात होती. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं. ते छोट्या बैठका घ्यायचे, घरी जायचे, मनाला धीर द्यायचे. ज्यांना जास्त गरज त्यांच्यासाठी शिकवून तयार केलेले समुपदेशक, आणि त्याहून जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. दीड वर्षाच्या फरकाने पाहणी केली. नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी आधी साधारण ४ जण मदत घ्यायचे, नंतर २७ जण घ्यायला लागले. मागच्या वर्षभरात मरणाचे विचार आले असं सांगणारे आधी १०० मागे ५.२ होते, ते २.५ वर आले. हा अभ्यास २०१७ साली "लॅन्सेट सायकिअॅट्री" या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला. आपल्या भाषेत सांगायचं तर यात शेजारी कंट्रोल प्लॉट नव्हता, आधीचं अन् नंतरचं एवढीच तुलना होती. म्हणून सगळा फरक यानेच पडला असं मी म्हणणार नाही. पण लोक बोलायला लागले हे नक्की.

कंट्रोल प्लॉटवाला प्रयोग पाहिजे तर तो गोव्यात झाला, याच संगतचा. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, जास्त नैराश्य असलेल्या लोकांवर. साध्या शिकवलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी त्यातले १०० मागे ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात ३९. त्यांची पद्धत काय? जे काम माणसाने सोडून दिलं आहे ते थोडं थोडं परत सुरू करून द्यायचं. आज फक्त गोठ्यापर्यंत, उद्या बांधीपर्यंत, परवा तिठ्यापर्यंत.

आणखी लांबचं उदाहरण आफ्रिकेतलं. झिम्बाब्वे देशात डॉक्टर मोजके आणि दुःख मोप. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारे शहरातल्या १४ आज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला आणि आजी त्यावर बसून लोकांचं ऐकायला लागली. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला "कुफुंगिसिसा" म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडेही "इचार करू करू खंगला" असंच म्हणतात ना? नंतर प्रयोग करून पाहिला, २०१६ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी आज्यांकडे आलेल्यांत १०० मागे साधारण १४ जणांना नैराश्याची लक्षणं राहिली, दुसऱ्या गटात ५० जणांना. बाक तर आपल्याकडे आधीपासून आहे, त्याला आपण पार म्हणतो. आज्याही आहेत. पारावर बोलणंही होतं, फक्त ते राजकारणाचं अन् दुसऱ्याच्या घरचं होतं.

"बोलून कर्ज फिटते का?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि रागाने विचारला जातो. तो राग खरा आहे.

बोलून कर्ज फिटत नाही. चुकारा वेळेवर यायलाच पाहिजे, भिजलेल्या धानाची भरपाई मिळायलाच पाहिजे, मजुराला हंगाम नसताना काम मिळायलाच पाहिजे. उद्या कोणी समुपदेशनाचं शिबिर घेऊन भरपाईचा विषय टाळत असेल तर त्या शिबिरात उभं राहून बोलणारा पहिला मी असेन. शेतकऱ्याचं मन कमजोर आहे म्हणून तो मरतो असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही. भाव, पाऊस, कर्ज हे सगळं बाहेरचं आहे.

पण दुसरी बाजूही पाहा. तेवढंच कर्ज, तेवढाच पाऊस, तेवढीच बांधी असलेली दहा घरं गावात असतात. त्यातलं एक तुटतं. तुटतं ते बहुतेक एकटं पडलेलं असतं. चुकारा आणायला मोर्चा काढावा लागतो, त्याला महिने लागतात. तोपर्यंत माणूस टिकला पाहिजे. आणि झोपलेला, जेवलेला, चार माणसांत बसणारा माणूसच सोसायटीत जाऊन कर्जाचं पुनर्गठन मागतो, तक्रार लिहितो, मोर्चात येतो. खचलेला माणूस हक्कही मागत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे पूर्वी आपोआप होत होतं, आता काहून ठरवून करायचं? होत होतं, मान्य. रोवणीला एकमेकांच्या बांधीत जाणं होतं, आज तुमची तर उद्या माझी. रांगेत वाकून चार तास बाया बोलत, गाणी म्हणत. आता ठेका असतो, कापणीला हार्वेस्टर येतो, एका दुपारी पीक घरी. हार्वेस्टरला मी नावं ठेवत नाही, मीही लावतो. पण त्या कामासोबत जे बोलणं व्हायचं ते गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. आपोआप होत होतं ते बंद पडलं म्हणूनच ठरवून करायचं. तलावाचं पाणी पाटाने आपोआप येत होतं, पाट बुजला तर आपण मिळून गाळ काढतोच ना?

धोका दिसला तर

आता अपवादाचं. हे नीट वाचा, कारण इथे आपलं ऐकणं पुरत नाही.

माणूस "आता माझ्यावाचून काही अडत नाही", "सगळं संपवून टाकतो" असं बोलायला लागला, देणं-घेणं घाईने निपटायला लागला, जवळच्या वस्तू वाटायला लागला, किंवा फार दिवस बेचैन असून एकाएकी शांत झाला, तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा, इथे गुपित पाळायचं नाही. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी उचलून दुसऱ्याच्या घरी ठेवा. अशी वेळ बहुतेकदा काही तासांची असते, ती टळली तर माणूस वाचतो. श्रीलंका आपल्यासारखाच धान पिकवणारा देश. तिथे १९९५ पासून जास्त विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं आणि धानाचं उत्पन्न घटलं नाही. म्हणून माझं सगळ्यांनाच सांगणं, चिंता असो की नसो, औषध लागेल तेवढंच आणा, उरवून घरात साठा करू नका.

फोन लावा १४४१६. ही शासनाची टेली मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माणूस स्वतः लावणार नाही, तुम्ही लावून त्याच्या हातात द्या. गोंदियात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय अन् केटीएस रुग्णालय आहे, तिथपर्यंत त्याच्यासोबत जा. "जाऊन ये" म्हटलं तर कोणी जात नाही. गोळ्या सुरू झाल्या तर मध्येच बंद करू देऊ नका.

पोलीस केसची भीती असते, म्हणून वाचलेल्या माणसाला घरचे दवाखान्यात न्यायला घाबरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे असतात. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, त्यात जुनं ३०९ कलम राहिलं नाही. घाबरू नका, लगेच न्या. बाहेरवाल्याकडे नेण्यात वेळ घालवू नका, पूजापाठ करायचा तर नंतर करा.

आणि ऐकणाऱ्यानेही स्वतःला सांभाळावं. दुसऱ्याचं ऐकून आपल्यालाही झोप लागत नाही असं होतं. म्हणूनच पाच जण पाहिजेत, एकट्याचं हे काम नाही.

कृषीवाल्यांना आणि केंद्रवाल्यांना

कृषी सहायक, डाटा एन्ट्रीवाले, गटसचिव, कृषी केंद्रवाले भाऊ, तुम्हाला आमच्या आधी कळतं. कोणाची उधारी थांबली, कोणी बांधी पडीत ठेवली, कोण यंदा बैठकीला आला नाही, तुमच्या वहीत असतं. तुम्ही समुपदेशक व्हा असं मी म्हणत नाही, तुमच्यामागे कामं कमी नाहीत. प्लॉट पाहून झाल्यावर पाच मिनिटं धुऱ्यावर बसा आणि पिकाशिवाय एक प्रश्न विचारा, "झोप लागते ना जी?" उत्तर नीट आलं नाही तर गावातल्या कोणा समजदार माणसाला फक्त एवढं सांगा की त्याच्याकडे जाऊन ये. प्रशिक्षण वर्गात गादमाशीवर तासभर बोलता, त्यात दहा मिनिटं यावर बोला. आत्मा असो की कृषी विज्ञान केंद्र, कोणी याचा एक दिवसाचा वर्ग घेतला तर आमच्यासारखे लोक शिकायला येतील. आम्हाला शिकायचं आहे.

बाकी गावकऱ्यांना सांगणं एवढंच की मोठं काही करू नका. अध्यक्ष-सचिव निवडू नका, उद्घाटन ठेवू नका, नाहीतर पहिला वाद तिथेच. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, सगळे भेटतात. त्याच्या आधी चार-पाच नावं मनात धरा. ज्याच्या तोंडातून गोष्ट बाहेर जात नाही, ज्याला गप्प बसता येतं, अशी. त्यात दोन बाया आणि टोलीतला एक जण असलाच पाहिजे. कोण मंडईला आला नाही ते पाहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून सुरुवात करा.

चिंतेचा जो तक्ता मी वर दिला तो माझ्या गावावरून आहे. देवरी-सालेकसा जंगलपट्टीत वेगळा असेल, मोरगाव अर्जुनीकडे उन्हाळी धानवाल्यांचा वेगळा, तिरोड्याकडे वेगळा. आपापल्या भागात कोणता महिना जड जातो ते खाली लिहा. कोणाचं नाव लिहू नका. आलेल्या नोंदींवरून जिल्ह्याचा एक तक्ता तयार करून डिसेंबरच्या आत इथे टाकतो, चुकाऱ्याचे दिवस सुरू होण्याआधी.

नंबर पुन्हा लिहितो, वहीत नोंदवून ठेवा: १४४१६.